साळुंकीचा डबा

"आता हा बघा! एकच! एकच बूट!" मिस्त्रींनी चिमट्यात धरलेला, चिखलानं जड झालेला बूट सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. "दुसरा कुठाय? घालून गेला की काय घरी? एक पाय बुटात, एक पाय अनवाणी, लंगडत लंगडत?"

ओढ्याकाठी कचरा वेचणारी पाच-सहा माणसं एकदम गप्प झाली. बेकरीवाल्यानं डॉक्टरीणबाईंना कोपरानं ढोसलं आणि सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाठ फिरवली. मिस्त्रींना त्यात नवल वाटलं नाही. सकाळपासून हाताला लागेल त्या वस्तूवर त्यांचं भाषण चाललं होतं. प्लास्टिकच्या बाटलीवर झालं, वेफर्सच्या पाकिटावर झालं, एका फाटक्या गादीवर तर चांगलं लांबलचक झालं. बुटाची पाळी येईपर्यंत श्रोते कंटाळले असणार, एवढं त्यांनाही कळत होतं. पण कंटाळलेल्या श्रोत्यांसमोर थांबतील ते मिस्त्री कसले!

"टाच बघा, एका अंगानं झिजलीय. म्हणजे फेंगडा चालणारा माणूस. आणि नाडीच्या जागी कसलीतरी दोरी ओवलीय. कंजूष! असल्या माणसाच्या घरात बायको कशी नांदली असेल, देव जाणे!"

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना हात लावला. धूळ गेली असेल, मिस्त्रींना वाटलं. त्यांनी बूट पोत्यात टाकला, वर ओलं पुठ्ठ्याचं खोकं कोंबलं आणि पुढच्या झुडपाकडे वळले.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उभी हयात इमारतींच्या डोक्यावरच्या कोंदट खोल्यांत दोऱ्या, चाकं आणि मोटारी दुरुस्त करण्यात गेली. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या, हा धंदा. त्यामुळे स्वभाव जरा तिखट झाला होता. त्यांची बायको मात्र सायीसारखी. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुलांनी फोडलेल्या काचनळ्या गोळा करताना कधी कपाळाला आठी पडली नाही तिच्या.

या बाईंना पन्नाशीनंतर एक भलताच नाद लागला. डबे शोधण्याचा. कुणीतरी कुठंतरी एक छोटा डबा लपवायचा, फोनवर त्याचा अक्षांश-रेखांश टाकायचा, सोबत एखादा इशारा द्यायचा. बाकीच्यांनी तो हुडकून काढायचा, आतल्या कागदाच्या गुंडाळीवर सही करायची आणि होता तिथं, होता तसा ठेवून यायचं. बाहेरच्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही, हा सगळ्यात मोठा नियम. दुसरा नियम बाईंनीच त्या मंडळाला लावला होता: डबा शोधायला जाल तेव्हा एक रिकामी पिशवी न्या आणि वाटेतल्या कचऱ्यानं भरून आणा. मंडळाच्या ग्रुपवर प्रत्येकाला टोपणनाव असे. बाईंचं नाव साळुंकी.

"चला ना हो एकदा," दर रविवारी ती म्हणायची.

"डबे हुडकायला मी काय भंगारवाला आहे?" दर रविवारी मिस्त्री म्हणायचे.

मग तिनं स्वतःचा एक डबा लपवला. ओढ्याकाठी, लोखंडी पुलाच्या अलीकडे. इशारा दोनच शब्दांचा: 'रागावू नका.' आणि काय सांगायचं, तो डबा कुणाला म्हणता कुणाला सापडेना! ग्रुपवर रोज रडगाणी. 'आज पुन्हा गेलो. हात हलवत परत.' 'साळुंकीताई, हद्द झाली.' ती हे सगळं संध्याकाळी मिस्त्रींना वाचून दाखवायची.

"बघा, एवढी शिकलेली माणसं थकली. तुम्ही मशिनीत पडलेला स्क्रू डोळे मिटून काढता. तुम्हाला सापडेल की."

"पुढच्या रविवारी बघू."

पुढचे रविवार असेच निघून गेले. गेल्या थंडीत बाई छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मिस्त्री महिनाभर खुर्चीत बसून होते. एके दिवशी टेबलावर पडलेला तिचा फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, ओढ्याकाठचा साळुंकीताईंचा डबा नीट आहे का, अवकाळी पावसानं पूर येऊन गेलाय. मिस्त्रींनी चष्मा लावला आणि एका बोटानं उत्तर टाइप केलं. तिकडे बेकरीवाल्याच्या फोनवर 'साळुंकी टाइप करत आहे' अशी अक्षरं उमटली आणि त्याच्या हातातला बिस्किटांचा ट्रे भट्टीसमोर उपडा झाला.

तेव्हापासून मिस्त्री त्या ग्रुपवर होते, तिच्याच नावानं. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. त्यात ग्रुप मावत नसे. त्यांनी मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. तिचा डबा शोधायचा. तिच्या हातची ती शेवटची वस्तू, कुणालाही न सापडलेली, आणि आपण एकदाही गेलो नाही, हे त्यांना आत कुठंतरी सलत होतं. पण पुलाजवळ चार चकरा मारूनही काही मिळालं नाही. शेवटी लिफ्टवाल्याचं डोकं चाललं. मशीन बिघडलं तर काय करतो आपण? आधी सगळं साफ करतो. तेल, धूळ, जळमटं काढली की बिघाड आपोआप दिसतो. तसाच सगळा काठ झाडून काढायचा. कचरा गेला की उरेल तो डबा!

त्यांनी ग्रुपवर सफाईची कल्पना मांडली आणि ग्रुप अक्षरशः नाचला. 'वा, मिस्त्री, वा!' बेकरीवाल्यानं तर आवाजी संदेशात शिट्टी वाजवली. डॉक्टरीणबाई, म्हणजे दातांच्या डॉक्टर आणि ग्रुपच्या कारभारीण, त्यांनी कामाची वाटणी केली. 'पुलाजवळचा वडाच्या मुळांचा भाग काकांकडे. तिथं दुसऱ्या कुणी जायचं नाही.' मिस्त्रींना वाटलं, आपल्या वयाचा मान ठेवला.

भाषणं झाली त्या रविवारी दुपारपर्यंत काठ असा झाला की आरसा समजून भांग पाडावा. पालिकेची गाडी येऊन पोती घेऊन गेली. मिस्त्री मुळं न् मुळं चाचपत राहिले. दगड उलटे केले, खेकडे हुसकावले. डबा नव्हता. कचरा गेला आणि उरला नुसता ओढा. पाणी मात्र स्वच्छ वाहत होतं. काठावर दोन बगळेही येऊन बसले. एरवी मिस्त्रींना बरं वाटलं असतं. त्या दिवशी ते बगळ्यांवरही खेकसले.

घरी येऊन ते खाटेवर आडवे झाले. चारच्या सुमाराला फोन किणकिणला.

'मिस्त्री, आता सांगून टाका,' बेकरीवाल्यानं लिहिलं होतं. 'आम्ही सकाळपासून दम धरलाय. कसं वाटलं?'

'काय कसं वाटलं? कंबर धरली आहे,' मिस्त्रींनी एका बोटानं लिहिलं.

'काका, एकट्यानं उघडायचा असेल म्हणून आम्ही मुद्दाम विचारलं नाही,' डॉक्टरीणबाईंचा संदेश आला. 'उघडलात ना बूट?'

'कुठला बूट?'

'सकाळी हातात धरला होतात तो.'

'तो सडका? पोत्यात टाकला.'

बेकरीवाला टाइप करू लागला, थांबला. डॉक्टरीणबाई टाइप करू लागल्या, थांबल्या. आणखी तिघंचौघं सुरू झाले आणि थांबले. मिस्त्री पडद्याकडे बघत राहिले. मग एकदम फोनच वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"काका, बसला आहात ना?"

"बसलोय. काय झालं?"

"तो बूट म्हणजे साळुंकीताईंचा डबा होता."

डॉक्टरीणबाई घाईघाईनं सांगत होत्या, की आत प्लास्टर भरलंय, प्लास्टरमध्ये डबी बसवलीय, वरून सिमेंट आणि शेवाळ चोपडून ताईंनी त्याला अगदी फेकलेल्या बुटाचं रूप दिलं होतं. मिस्त्रींच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं. ते फोन तसाच हातात धरून दाराजवळच्या चपलांच्या कपाटाकडे गेले. सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे, त्यांचा कामाचा डावा बूट होता. उजवा दोन वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. नाडी तुटली तेव्हा त्यांनीच त्यात लिफ्टच्या कामातली पिवळी दोरी ओवली होती.

आता इथं शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल सांगायला हवं. शेजारी होते निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचा एक दांडगा, मिशाळ कुत्रा. रुबाब बघून पोस्टमास्तरांनी त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. बूट नाहीसा झाला तेव्हा मिस्त्रींनी थेट साहेबावर आळ घेतला. कुंपणाशी उभं राहून चोर म्हणाले, दरोडेखोर म्हणाले, कुत्र्याला आणि मग ओघानं पोस्टमास्तरांनाही. कुंपणाला बारीक जाळी मारली. दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं ते आजपर्यंत.

बायको तेव्हा हळूच म्हणाली होती, "अहो, त्यानं नसेल नेला."

"मग काय बूट चालत गेला?"

ती पदराआड हसली होती. आणि त्यानंतर रोज जाळीतून साहेबाला बिस्किटं घालायची. "चोराला बिस्किटं?" म्हणून मिस्त्री भडकायचे. आत्ता त्या बिस्किटांचा उलगडा झाला. मिस्त्री कपाटापाशी मटकन खाली बसले आणि आधी हसू लागले. हसता हसता रडू कधी आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वर्षभर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते बुटापुढे बसून ढसाढसा रडले.

फोनमधून आवाज येतच होता. "काका? काका! कचऱ्याची शेड सहापर्यंत उघडी असते. आम्ही निघालोय. तुम्ही या!"

मिस्त्रींनी डावा बूट पिशवीत टाकला आणि धावले.

शेडच्या दारात मुकादमबाई उभ्या होत्या. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, डोक्याला घट्ट रुमाल. डॉक्टरीणबाई, बेकरीवाला आणि मंडळाची आणखी तिघं त्यांच्यासमोर शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखी उभी होती. पंचाईत अशी, की बाहेरच्या माणसाला डब्याचं सांगायचं नाही हा नियम. तो मोडायचा कसा?

"एक बूट हवाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुठला?"

"सडका."

"एकच?"

"औषधी आहे," बेकरीवाला मध्येच म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"औषधी बूट?" मुकादमबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी इथं इतकी वर्षं आहे. कचऱ्यात गेलेली अंगठी शोधत आलेली माणसं बघितली, कवळी शोधत आलेली बघितली. औषधी बूट पहिल्यांदा ऐकते. काय प्रकार आहे?"

मिस्त्री धापा टाकत पुढे झाले. "बाई, माझ्या बायकोनं तो केला होता. ती आता नाही. मी कचरा समजून टाकला. नियम-बियम गेला खड्ड्यात, सगळं सांगतो." आणि त्यांनी तिथंच, माश्या वारत, सगळं सांगितलं. साळुंकी, डबे, कुत्रा, बिस्किटं, काही ठेवलं नाही.

मुकादमबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कचऱ्यासारखा दिसावा म्हणून झटून केला, आणि कचऱ्यात गेला म्हणून तुम्ही रडताय?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

"या आत. चपला-बूट त्या कोपऱ्यात."

कोपऱ्यात टेकडी होती. चपला, सँडल, गमबूट, लहान मुलांचे बूट, एकेक एकटे, जोडीदार हरवलेले. मंडळी चहूबाजूंनी भिडली. वर्षानुवर्षं डबे शोधून नजर तयार झालेली माणसं, पण तिथं प्रत्येक बूट साळुंकीनंच केल्यासारखा दिसे! बेकरीवाल्याला एक बरी चप्पल सापडली, त्यानं पायात घालून बघितली आणि डॉक्टरीणबाई ओरडल्या तेव्हा नाइलाजानं परत ठेवली. मिस्त्री खालपासून वरपर्यंत एकेक बूट उचलून वजन बघत होते. सूर्य शेडच्या पत्र्याखाली उतरला. हाताला काही लागेना.

"मिळत नसेल तर राहू दे," मिस्त्री शेवटी म्हणाले. "माझ्याच हातानं टाकला मी. आणि वर तिला कशी नांदली असेल म्हणालो."

"अहो, वजनदार होता का?" मुकादमबाईंनी लांबून विचारलं.

"प्लास्टर आहे आत."

"मग आधी बोलायचं की! एक जड लागला म्हणून मी बाजूला ठेवला. म्हटलं, आत उंदीर-बिंदीर असेल." त्यांनी भिंतीकडेच्या एका बादलीतून तो काढला.

मिस्त्रींनी बूट हातात घेतला. अंगठ्यानं चिखल खरवडला. खालून पिवळी दोरी दिसली. त्यांनी पिशवीतून डावा काढून शेजारी ठेवला. दोन्ही टाचा सारख्याच झिजलेल्या, एकमेकींकडे पाठ करून. मुकादमबाईंनी डोक्याच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं, आणि ते वासासाठी नसावं.

बुटाच्या जिभेखालची डबी मिस्त्रींनी नखानं उघडली. आतली कागदाची गुंडाळी कोरी होती.

"एकही सही नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला तर ठाऊक होतं, बूट आहे म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "पहिल्याच आठवड्यात सापडला होता, काका. सगळ्यांनाच. ताई म्हणाल्या, सही कुणी करायची नाही आणि सापडला असंही लिहायचं नाही. पहिली सही ह्यांची. कुणालाच सापडत नाही म्हटल्यावर ह्यांना चेव येईल आणि येतील एकदा माझ्याबरोबर."

"आणि ग्रुपवरची ती रडगाणी?"

"खोटी," बेकरीवाला म्हणाला. "पाळीपाळीनं लिहायचो. माझी सगळ्यात चांगली असायची."

मिस्त्रींनी तो कोरा कागद बोटानं सपाट केला. "आलो नाही मी," ते म्हणाले. "ती होती तोवर नाही आलो."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून पेन काढून पुढे केलं. मिस्त्रींनी गुडघ्यावर कागद धरून लिहिलं: 'मिस्त्री. उशीर झाला.' मग डबी बंद केली, बूट छातीशी धरला आणि म्हणाले, "चला, उजेड आहे तोवर ठेवून येऊ."

"तिथंच? पुन्हा कुणी कचरा म्हणून उचलला तर?"

"मी आहे ना. दर रविवारी जाईन. कुणी हात लावू दे, तंगडं मोडतो."

वडाच्या मुळात त्यांनी बूट जसाच्या तसा आडवा ठेवला. वर थोडं शेवाळ, थोडी माती. दोन पावलं मागे येऊन पाहिलं तर अगदी कुणा ऐद्यानं फेकून दिल्यासारखा दिसत होता. तिचं काम पक्कं होतं, हे त्यांनी मनापासून कबूल केलं.

घरी परतेपर्यंत दिवे लागले होते. पोस्टमास्तर फाटकात उभे होते, पायाशी साहेब. दोन वर्षांत पहिल्यांदाच मिस्त्री तिकडे वळले. पोस्टमास्तरांनी सावधपणे कुत्र्याचा पट्टा धरला.

मिस्त्री पिशवी खाली ठेवून साहेबासमोर उकिडवे बसले. कंबरेतून कळ आली, तरी बसले. "साहेब," ते म्हणाले, "चूक झाली. बूट तुम्ही नेला नव्हता. मी भलतं बोललो. माफ करा." मग मान वर केली. "तुम्हीपण माफ करा, पोस्टमास्तर. जाळी उद्या काढतो."

"अहो, उठा, उठा. त्यात काय एवढं," असं काहीतरी पोस्टमास्तर पुटपुटले. साहेबानं मिस्त्रींचा हात हुंगला, मग पिशवी हुंगली. पिशवीत तोंड घातलं, डावा बूट दातांत धरून बाहेर काढला, आणि मिस्त्रींकडे एकदा बघून, रमतगमत, आपल्या अंगणात चालता झाला.

"अरे! अरे, सोड!" पोस्टमास्तर किंचाळले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला. "चोर मेला! आत्ता माफी मागून घेतलीस आणि आत्ताच... थांब, काठीच आणतो!"

मिस्त्रींनी फाटकाला धरून उठत त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"असू द्या हो, पोस्टमास्तर," ते म्हणाले. "रागावू नका."